प्रयोग दुसऱ्यांदा करताना

प्लॅस्टिकच्या बाटलीभोवती मातीचा डोंगर रचायचा, बाटलीत खायचा सोडा घालायचा, वरून लाल रंग मिसळलेलं व्हिनेगर ओतायचं, की फेस उसळून डोंगरावरून ओघळतो. मुलं टाळ्या वाजवतात, मोठी माणसं मोबाईलवर चित्रण करतात आणि आज विज्ञान झालं असं म्हणून सगळे फरशी पुसायला लागतात. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या बोलण्यात हा ज्वालामुखी हटकून येतो. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही तो असतोच, त्यामुळे दोष एकट्या घरशाळेचा नाही. फेस बघायला मलाही आवडतो. पण या सगळ्यात सहा वर्षांच्या मुलाने नेमकं काय केलं? ओत म्हटल्यावर ओतलं. काय होणार हे त्याला आधीच माहीत होतं, कारण कालच त्याने ते व्हिडिओत पाहिलं होतं. शिवाय खऱ्या ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर यांची गाठ पडत नाही. तिथली उष्णता वेगळी, कारणं वेगळी. म्हणजे मुलाच्या हाती फेस आला आणि डोक्यात एक चुकीची समजूत.

आता हाच प्रयोग दुसऱ्यांदा करू. डोंगर नको, रंग नको. चार पेले, प्रत्येकात एकेक चमचा सोडा. एकात व्हिनेगर, दुसऱ्यात लिंबाचा रस, तिसऱ्यात आंबट ताक, चौथ्यात साधं पाणी. ओतण्याआधी मुलाने सांगायचं, कुठे फेस येईल आणि कुठे नाही. ताकाबद्दल त्याची खात्री नसते. तो ताक चाखून बघतो, लिंबू चाखून बघतो, आणि आंबटपणा आणि फेस यांचा काही संबंध असावा असं त्याच्या मनात येतं. कोणी सांगितलेलं नसताना ते मनात येणं, मग ते खरं आहे का हे बघण्यासाठी चिंचेचा कोळ मागणं, इथे विज्ञान सुरू झालं. पहिल्या वेळी तमाशा होता. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, म्हणून तो प्रयोग झाला.

लहान मुलाला घरी विज्ञान शिकवण्याच्या बाजूने मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. घर शाळेपेक्षा सरस ठरू शकतं ते या दुसऱ्या वेळेमुळे. प्रेमामुळे किंवा एका मुलामागे एक शिक्षक असल्यामुळे नव्हे. शाळेतला तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी एका शिक्षकामागे तीस मुलं हे प्रमाण ठरवलं आहे, आणि ते पाळलं गेलं तरी तीस मुलांना प्रत्येकी चार पेले देऊन ‘आता तुम्हाला वाटेल ते बदलून बघा’ असं म्हणायला शिक्षकाकडे वेळ कुठून येणार? पुढचा धडा वाट बघत असतो. घरी पुढचा धडा वाट बघत नाही. निदान बघू नये. गंमत अशी की बरेच पालक मुलाला शाळेतून काढतात आणि घराच्या भिंतीवर वेळापत्रक लावतात: सोमवारी चुंबक, मंगळवारी पाणी, बुधवारी वनस्पती. म्हणजे शाळेची जी अडचण होती तीच घरी आणायची आणि शाळेत होती ती सोबत तेवढी सोडून द्यायची.

दुसरी वेळ म्हणजे काय, हे दह्यावरून चांगलं कळतं. मराठी घरात रोज रात्री हा प्रयोग होतो आणि कोणी त्याला प्रयोग म्हणत नाही. दूध तापवायचं, कोमट होऊ द्यायचं, विरजण घालायचं, झाकून ठेवायचं. मुलाला विचारावं, दही कशामुळे लागतं? पाच-सहा वर्षांचं मूल जे उत्तर देतं ते कधीच मूर्खपणाचं नसतं. झाकल्यामुळे, म्हणेल. रात्र झाल्यामुळे, म्हणेल. आई ढवळते म्हणून, म्हणेल. ही तिन्ही कारणं त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहेत. आपण लगेच जिवाणूंबद्दल सांगायला बसलो तर ती तिन्ही तशीच राहतात आणि वर एक शब्द येऊन बसतो. त्याऐवजी वाट्या मांडाव्यात. एक झाकलेली, एक उघडी. एक सकाळी लावलेली, म्हणजे रात्रीचा प्रश्न मिटतो. एक ढवळलेली, एक न ढवळलेली. एकीत विरजण उकळत्या दुधात घातलेलं, एकीत कोमट दुधात, एक फ्रिजमध्ये. आणि एक वाटी नुसत्या दुधाची, विरजण न घातलेली. ही शेवटची वाटी मुलांना आवडत नाही. तिच्यात काही होणारच नाही, मग ती कशाला? पण बाकीच्या वाट्यांना अर्थ येतो तो तिच्यामुळे.

सगळ्या वाट्या एकाच रात्री मांडायच्या नाहीत हे ओघाने आलं. सहा वर्षांच्या मुलाला एका वेळी दोन वाट्यांची तुलना पेलते, फार तर तीन. म्हणून हा प्रयोग आठवडाभर चालतो, थंडीत सुरू केला तर आणखी लांबतो, कारण थंडीत दही लागायलाच वेळ लागतो आणि तेही एक निरीक्षण असतं. उकळत्या दुधातलं विरजण फुकट जातं, फ्रिजमधली वाटी सकाळी तशीच दुधाळ असते. मग फ्रिजमधली वाटी बाहेर काढून ओट्यावर ठेवली की ती संध्याकाळपर्यंत लागते, उकळत्या दुधाची मात्र लागत नाही. गारठ्याने थांबलेलं आणि उष्णतेने मेलेलं यांतला हा फरक आहे, आणि ‘मेलं’ हा शब्द मूल स्वतःहून वापरतं तेव्हा विरजणात काहीतरी जिवंत असणार ही कल्पना त्याच्यापर्यंत आलेली असते. आता जिवाणू हा शब्द द्यावा. त्यांना चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास सर्वांत जास्त मानवतं, हेही सांगावं, आणि कोमट म्हणजे किती हे बोट बुडवून बघणाऱ्या आजीचं बोट आणि तापमापक शेजारी शेजारी ठेवावेत. विरजण नसलं तर दुधात मिरचीचं देठ टाकलं की दही लागतं असं अनेक घरांत मानतात. ते खरं की खोटं हे मी इथे सांगणार नाही. ते तपासायला देठाच्या वाटीशेजारी बिनदेठाची वाटी ठेवावी लागते, एवढंच आठवड्याच्या शेवटी मुलाला सुचलं तरी पुरे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मुलांना मोकळं सोडलं तर ती एक गोष्ट बदलत नाहीत, एकदम चार बदलतात. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांचा २००४ सालचा अभ्यास याबाबत फार बोलका आहे. त्यांनी अमेरिकेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले. उताराची तीव्रता, पृष्ठभाग, चेंडू सोडण्याची जागा आणि चेंडूचा प्रकार, असं सगळं बदलता येत होतं. काही मुलांना नीट तुलना कशी करायची हे उदाहरणं देऊन शिकवलं, काहींना स्वतःच शोधू दिलं. शिकवलेल्यांपैकी ७७ टक्के मुलांना एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची रीत आली, स्वतः शोधणाऱ्यांपैकी फक्त २३ टक्क्यांना. ‘मूल सगळं आपापलं शिकतं’ असं म्हणत हात झटकणाऱ्या पालकांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत. चार पेल्यांच्या प्रयोगात पेले मांडून देणारा मोठा माणूस लागतोच. बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही गोष्ट शिकवावी लागते.

पण या आकड्यांना पुढचा भाग आहे. डेव्हिड डीन आणि डीॲना कून यांनी २००७ मध्ये हाच प्रश्न लांब पल्ल्याने बघितला. एकदा शिकवून सोडून दिलेली मुलं आणि काही आठवडे अशाच तऱ्हेच्या प्रश्नांशी झटत राहिलेली मुलं. शिकवण्याचा सुरुवातीचा फायदा पुढे टिकला नाही, टिकला तो सरावाचा. म्हणजे रीत दाखवावी लागते, पण नुसतं दाखवून भागत नाही. तीच रीत दह्यावर, मग रोपांवर, मग कागदी विमानांवर पुन्हा पुन्हा वापरावी लागते. इतकी सवड कोणत्या शाळेच्या वेळापत्रकात आहे? घरात आहे. घरशाळेचा युक्तिवाद मला इथे सर्वांत बळकट वाटतो, आणि दुर्दैवाने तिचे समर्थक इथे सर्वांत कमी बोलतात. ते बोलतात शाळेच्या जाचाबद्दल.

‘पण आम्हाला विज्ञान येत नाही’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. त्यावर मी एक गोष्ट सांगतो, जिचा पहिला परिणाम ही भीती वाढवण्याचा होतो. १९०७ साली पॅरिसमध्ये मादाम मारी क्युरी आणि सॉर्बोनमधले त्यांचे सहकारी यांनी आपल्या मुलांना शाळेऐवजी आपसांत शिकवायचं ठरवलं. पिएर क्युरी आदल्याच वर्षी एप्रिलमध्ये घोडागाडीखाली सापडून गेले होते. थोरली मुलगी इरेन नऊ-दहा वर्षांची होती. फ्रेंच शाळांतल्या कोंदट वर्गांत तासन्‌तास बसून मुलांची उमेद खच्ची होते असं मादाम क्युरींचं मत होतं. दहाएक मुलं जमली. त्यांत सहकारी झाँ पेरँ यांची मुलंही होती, धाकटा फ्रान्सिस १९०१ चा, म्हणजे जेमतेम सहा वर्षांचा. दिवसाला एकच धडा, बाकी वेळ मोकळा. रसायन पेरँ शिकवत, गणित पॉल लांजव्हँ, निसर्गविज्ञान आँरी मूताँ. माग्रू नावाचे शिल्पकार मुलांकडून मातीकाम करून घेत. भौतिकशास्त्र स्वतः मादाम क्युरींकडे. अशी शिक्षकमंडळी असताना मुलं शिकली यात नवल काय, असं कोणीही म्हणेल. पेरँ यांना पुढे १९२६ मध्ये नोबेल मिळालं, इरेनला १९३५ मध्ये, आणि छोटा फ्रान्सिस मोठेपणी फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचा प्रमुख झाला.

मात्र ते धडे काय होते ते बघा. त्या मुलांमधल्या इझाबेल शाव्हान हिने उतरवून घेतलेल्या वह्या जपून राहिल्या आणि २००३ मध्ये छापल्या गेल्या. रेडियम शोधणारी बाई मुलांना किरणोत्सर्ग शिकवत नव्हती. रिकामी बाटली रिकामी असते का? हवेला वजन असतं का? आपल्या घरात वरच्या मजल्यावर पाणी कसं चढतं? अंडं ताजं की शिळं हे न फोडता कसं ओळखायचं? होडी कशी बनवायची? वायुभारमापक कसा चालतो? बाटल्या, नळ्या, पाणी, अंडी, तराजू. यातलं काय आपल्या घरी नसतं? तराजू नसेल तर घरगुती वजनकाटा चालतो. एव्ह क्युरीने १९३७ साली लिहिलेल्या आईच्या चरित्रात या वर्गातल्या दोन गोष्टी येतात. सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या शाईत बुडवून तिरप्या पाटावर सोडायच्या, म्हणजे त्या आपली वाट स्वतः रेखाटतात आणि पडणाऱ्या वस्तूची वक्ररेषा कागदावर उमटते. आणि दुसरी: गरम पाणी भांड्यात गरमच राहावं म्हणून काय कराल, असं विचारल्यावर मुलांनी लोकर गुंडाळण्यापासून नाना युक्त्या सुचवल्या. मादाम क्युरी म्हणाल्या, मी तर आधी झाकण ठेवीन.

या झाकणावर मी जरा रेंगाळतो, कारण घरी विज्ञान शिकवण्याचं मर्म मला त्यात दिसतं. अवघड उत्तराकडे धावणाऱ्या हुशार मुलांना त्यांनी समोरच्या भांड्याकडे वळवलं. त्यासाठी नोबेल लागत नाही. रोज भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवणाऱ्या माणसाला ते सुचू शकतं, फक्त तेही विज्ञानच आहे असं त्याला वाटलं पाहिजे. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे मराठी घरात कोणाला माहीत नाही? आणि लिंबू पिळलं की तो पुन्हा पिवळा होतो, हे किती जणांनी करून पाहिलंय? जास्वंदीच्या फुलाचा रंग पाण्यात उतरवून त्यात लिंबू घातलं तर तो लालगुलाबी होतो, सोडा घातला तर हिरवट. पाठ्यपुस्तकातला लिटमस कागद बाजारात शोधत हिंडण्याऐवजी अंगणातल्या झाडाकडे वळायला काय हरकत आहे?

आपल्याकडे ही वाट घालून देणारी माणसं कमी झाली नाहीत. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून शिकून पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ च्या सुमाराला ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्रिकोण, चौकोन, घन बनवायला लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी करून दाखवली. या शोधिकेला पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा आधार आहे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी ‘हलकं फुलकं विज्ञान’ ही पुस्तकमाला काढली, जिच्यात उत्तरांपेक्षा प्रश्न आणि कृती जास्त आहेत. घरी शिकवणाऱ्याने महागडी खोकी आणण्याआधी हे चाळावं. खोक्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यांत सगळं मोजून दिलेलं असतं, पायऱ्या छापलेल्या असतात आणि शेवटच्या पानावर काय दिसायला हवं तेही असतं. तसं दिसलं नाही तर मूल समजतं, आपलं चुकलं. खरं तर तिथूनच प्रयोगाला सुरुवात व्हायला हवी होती. पण अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचे व्हिडिओ नुसते बघून घरं भरतात आणि हातात एक काडीही येत नाही, हेही मी पुष्कळ पाहिलं आहे. बघणं फुकट असतं, करायला पसारा लागतो.

होशंगाबादचा उल्लेख आला आहे तर तो नीट घ्यायला हवा, कारण तो माझ्याच युक्तिवादाला आडवा जातो. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तिथल्या १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने हे काम पुढे नेलं. मुलं चौघाचौघांच्या टोळ्या करून प्रयोग करत, निरीक्षणं फळ्यावर एकत्र मांडत, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगालाही गुण होते. खेड्यातल्या, टिनाच्या छपराखालच्या सरकारी शाळांत हे तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तेव्हा हाताने विज्ञान शिकणं फक्त घरीच होऊ शकतं असं म्हणणं खोटं आहे. ते शाळेत होऊ शकतं, झालेलं आहे, आणि मोडून टाकलेलं आहे. घरी शिकवणाऱ्यांनी शाळांना नावं ठेवताना हा मोडलेला भाग आठवावा. ज्यांना शाळा सोडणं परवडत नाही त्यांच्या मुलांचं काय, हा प्रश्न त्या बंद झालेल्या कार्यक्रमातच दडलेला आहे.

आणि त्या चौघांच्या टोळीत आणखी एक गोष्ट होती जी एकट्या घरात नसते. चौघांत एकाचं दही लागतं आणि दुसऱ्याचं नाही. एकाच्या लंबकाने मिनिटात जेवढे झोके घेतले त्यापेक्षा दुसऱ्याच्या लंबकाने दोन कमी घेतले. मग भांडण होतं: तू नीट मोजलं नाहीस, तुझा दोरा लांब आहे. या भांडणाचं विज्ञानात जे स्थान आहे ते आई-वडील देऊ शकत नाहीत. सहा वर्षांचं मूल आईशी वाद घालेल, पण शेवटी आईला माहीत असतं हे त्यालाही माहीत असतं. आई कितीही ‘मला ठाऊक नाही, आपण बघू’ म्हणाली तरी तिचा चेहरा सांगतो की तिला ठाऊक आहे. बरोबरीच्या पोराचा चेहरा काही सांगत नाही. त्याला पटवायचं तर पुन्हा करून दाखवावं लागतं. म्हणूनच पॅरिसचा तो प्रयोग एका घराचा नव्हता, अनेक घरांचा होता, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची बाब मला वाटते. मादाम क्युरींना आपल्या मुलीला एकटीला भौतिकशास्त्र शिकवणं सहज जमलं असतं. त्यांनी दहा मुलं गोळा केली.

पुण्या-मुंबईत, नाशकात घरी शिकवणारी कुटुंबं महिन्यातून कधीतरी टेकडीवर किंवा बागेत भेटतात. बहुतेक वेळा ती सहल असते. तिच्याऐवजी तीन-चार घरांनी एकच प्रयोग आपापल्या घरी करून त्याचे आकडे एकत्र आणले तर? सावलीचा प्रयोग यासाठी नामी आहे. गच्चीवर एक काठी सरळ उभी करायची, दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही हे पहिलं आश्चर्य. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या प्रमाणवेळेवर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला जवळपास पावणेनऊ अंशांवर आहे, म्हणून आपली खरी दुपार बाराच्या बरीच नंतर होते. सहा वर्षांच्या मुलाला रेखांश सांगू नयेत. ‘घड्याळाची दुपार वेगळी आणि सूर्याची वेगळी’ एवढं त्याला पुरतं. मेच्या मध्यात पुण्या-मुंबईत सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमाराला बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्या बुंध्यात गडप होते. वर्षातून दोनदा हे घडतं, दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीला, पण तेव्हा ढग असतात. कोल्हापूरच्या मुलाचा हा दिवस पुण्याच्या मुलाच्या आधी येतो आणि नाशिकच्या मुलाचा नंतर. तिघांनी फोनवर तारखा एकमेकांना सांगितल्या तर ‘असं का?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीतरी विचारणारच. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, ही ताकीद प्रत्येक घराने आपापल्या पोराला द्यावी.

तरीही हातांना सगळं कळत नाही, हे मान्य करायला हवं. पृथ्वी गोल आहे हे काठीच्या सावलीवरून सहा वर्षांच्या मुलाला कळणार नाही. ते सांगावंच लागतं. आणि सांगूनही काय होतं? स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या साठ मुलांशी बोलून शोधलं की पृथ्वी गोल आहे असं म्हणणाऱ्या मुलांच्या मनातली पृथ्वी थाळीसारखी चपटी असू शकते, किंवा पोकळ गोळा, ज्याच्या आत सपाट जमिनीवर आपण राहतो. शब्द बरोबर, चित्र वेगळंच. अशा वेळी प्रयोग उपयोगी पडत नाही, बोलणं पडतं. ‘चालत चालत गेलं तर कडेवरून पडू का?’ असं विचारावं, मुलाला चित्र काढू द्यावं, पृथ्वीचा गोल फिरवावा, गोष्ट सांगावी. हाताने विज्ञान या शब्दांचं वेड घेतलेले पालक बोलण्याला कमी लेखतात, आणि आपली मराठी गप्पिष्ट संस्कृती असूनही मुलाशी अर्धा तास निवांत बोलणं त्यांना अभ्यास वाटत नाही. अणू, जिवाणू, पृथ्वीचा आकार हे सगळं बोलण्यातून येतं. हात त्याला टेकू देतात.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी, थोडक्यात. कायद्याची स्थिती धूसर आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा पालकांवर मुलाला शेजारच्या शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतो, पण तसं न करणाऱ्या पालकांना शिक्षा सांगत नाही. पुढे दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय असतं, आणि बहुतेक घरशाळा त्याच वाटेने बाहेर पडतात. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या विज्ञानाला या फॉर्मची चिंता करण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. मी पाहिलेल्या घरांत नोकरी सोडते ती आई. वाट्या ती मांडते, वाट्या ती घासते, आणि रविवारी बाबा येऊन चुंबकाचा चमत्कार दाखवतात. मुलगी हे सगळं बघत असते. घरी विज्ञान शिकवायचं म्हणून घरातल्या बाईचं काम वाढलं आणि पुरुषाच्या वाट्याला फक्त गंमत आली, तर त्या घरात विज्ञान कोणाचं असतं हेही मुलं शिकून घेतात, कुठल्याही प्रयोगापेक्षा पक्कं. मादाम क्युरींच्या मंडळात धडे वाटून घेतले होते आणि भौतिकशास्त्र बाईकडे होतं, हे जवळपास सव्वाशे वर्षांपूर्वीचं असूनही आजच्या पुष्कळ घरशाळांच्या पुढे आहे.

ते मंडळ दोनएक वर्षं चाललं. प्राध्यापक आपापल्या कामात गुंतले, मुलांना पुढे परीक्षा द्यायच्या होत्या, अभ्यासक्रम खुणावत होता. इरेन पुढे रीतसर शाळेत गेली. कोणी त्याला अपयश म्हटलं नाही. घरशाळा म्हणजे जन्मभराचा निर्णय, शाळेविरुद्ध पुकारलेलं युद्ध, असं आपण का धरून चालतो कळत नाही. सहा ते आठ या वयात मुलाला दोन वर्षं घरी ठेवलं, त्यात तुलना कशी करायची, आधी अंदाज सांगून मग कसं बघायचं, आपलं मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापाशी का जुळत नाही हे शोधायचं, इतकं त्याच्या अंगवळणी पडलं, तर तिसऱ्या वर्षी ते शाळेत जाऊ दे. ज्यांना दोन वर्षंही परवडत नाहीत त्यांनी शाळा सोडू नये. चार घरांनी मिळून आठवड्यातला एक वार धरावा, मुलं एकमेकांकडे फिरती ठेवावीत, आणि ज्याच्या घरी वर्ग असेल त्याच्या बाबांनी त्या दिवशी भांडी घासावीत.